गावच्या आरोग्यात सरपंचाने नेमके काय करावे?

प्रश्न: सरपंच, शहादा तालुका

नमस्कार. शहादा तालुक्यातील एका बागायती गावाची सरपंच म्हणून मी गेल्या वर्षी निवडून आले. गावात ऊस, केळी आणि पपई होते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला गाव सुखवस्तू वाटते. गावठाणात नळयोजना आहे. नाल्यापलीकडच्या भिल्ल वस्तीत मात्र त्या योजनेचे अगदी शेवटचे टोक पोचते आणि तिथल्या बायांना बरेचदा हातपंपावरच भागवावे लागते. गेल्या आषाढात पहिला मोठा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हा त्या वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली. आरोग्य खात्याचे पथक तातडीने आले, वस्तीवरच थांबले आणि त्यांनी मनापासून काम केले. तरीही एक तान्हे बाळ वाचले नाही. मी त्या घरी भेटायला गेले, तेव्हा बाळाची आजी एवढेच म्हणाली, "आमनं कोन आयकस?" साथीच्या आधी पंधरा दिवस पाण्याला वास येत असल्याचे तिने दोन जणांना सांगितले होते. ते माझ्यापर्यंत पोचलेच नाही.

पुढच्या मासिक सभेत मी हा विषय काढला. त्यावर आरोग्य हे आरोग्य खात्याचे काम आहे, ग्रामपंचायतीने रस्ते-गटारे पाहावीत, असे उत्तर मिळाले. मी बारावीपर्यंत शिकले आहे आणि वैद्यकातले मला काही कळत नाही, म्हणून तेव्हा गप्प राहिले. पण ते उत्तर मला पटलेले नाही. आरोग्याच्या बाबतीत सरपंचाला खरोखर काही अधिकार असतात का, आणि असले तर सुरुवात कुठून करावी? प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ केल्यासारखे न होता त्यांच्याशी कसे बोलावे, हेही कोणी अनुभवाने सांगितल्यास मी ऋणी राहीन.

उत्तर: निवृत्त आरोग्य सहायक, साक्री तालुका

ताई, रस्ते-गटारे पाहा असे तुम्हाला ज्यांनी सांगितले, त्यांनी नकळत योग्य तेच सांगितले आहे. माझ्या नोकरीत मी पाहिलेल्या जुलाबाच्या बहुतेक साथींचे मूळ गटारातून गेलेल्या पाइपात, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात किंवा विहिरीच्या फुटक्या कठड्यात सापडले. डॉक्टर साथ आटोक्यात आणतो, पण ती उद्भवू न देणे ज्यांच्या हातात असते ते जलसुरक्षक (गावच्या पाण्याचे शुद्धीकरण पाहणारा ग्रामपंचायतीचा माणूस), ग्रामसेवक आणि सरपंच असतात. पाणीपुरवठा आणि स्वच्छता ही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायतीचीच कामे आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय दिले आहेत आणि त्यांत आरोग्य, पिण्याचे पाणी, महिला व बालविकास ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. पैशाचेही तसेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेली होती. तेव्हा अधिकार आहे का, या प्रश्नाचे उत्तर 'आहे' असेच आहे, आणि त्यासोबत उत्तरदायित्वही येते.

सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. सुरुवात शेवटच्या नळापासून करावी.

एका गावात माझ्या समोर घडलेली गोष्ट सांगतो. तिथे टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर रोज टाकली जात होती, नोंदवही व्यवस्थित भरलेली होती आणि टाकीजवळच्या नळावर ओटी तपासणी केली, म्हणजे क्लोरीन आहे का ते पाहण्यासाठी थेंब टाकले, की पाणी लगेच पिवळे होत असे. तरीही एकाच गल्लीत जुलाबाचे रुग्ण सापडत राहिले. मी त्या गल्लीच्या टोकाच्या घरी जाऊन तपासणी केली, तेव्हा पाण्याचा रंग बदलला नाही. पाइपाचा एक सांधा गटारात बुडालेला होता. पाणी सुरू असताना तो सांधा गळायचा आणि पुरवठा बंद झाल्यावर पाइपात पोकळी निर्माण होऊन गटारातले पाणी आत ओढले जायचे. टाकीपाशी घातलेले क्लोरीन त्या घाणीत संपून जात होते. ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर इतके मुक्त क्लोरीन उरले पाहिजे, हा दंडक त्यासाठीच आहे. टाकीपाशी घेतलेली तपासणी ही पावडर टाकल्याची पावती असते; त्यावरून शेवटच्या घरातले पाणी शुद्ध आहे असे म्हणता येत नाही.

तुमच्या जलसुरक्षकाबरोबर आठवड्यातून एकदा, पाणी सुटण्याच्या वेळी, नाल्यापलीकडच्या त्या टोकाला स्वतः जा. बाटलीत पाणी घ्या, ओटीचे थेंब टाका आणि जो रंग दिसेल तो वस्तीतल्या बायांनाही दाखवा. टीसीएलची पोती कुठे ठेवली आहेत तेही पाहा, कारण ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असते आणि दमट खोलीत उघडे पोते पडून राहिले की ते झपाट्याने उडून जाते. मग हाती नुसता चुना राहतो. आरोग्य खाते एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. तुमच्या गावाला कोणते कार्ड मिळाले आणि कशामुळे मिळाले, ते कागदपत्रांतून काढून ग्रामसभेत वाचून दाखवा. लाल कार्ड लपवणारे सरपंच मी अनेक पाहिले आहेत. ते भिंतीवर लावून दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा विभागाच्या पायऱ्या झिजवणारे एकच आजोबा पाहिले आणि त्यांच्या गावात माझ्या कार्यकाळात पुन्हा साथ आली नाही.

जाता जाता आणखी एक. आमच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा हे छोटेसे गाव तुम्ही ऐकले असेल. तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती वनसंवर्धनासाठी. त्यांना आरोग्यातले नेते असे कोणी म्हणत नाही. पण गावाने कुऱ्हाडबंदी पाळली, जंगल राखले, विहिरींना पाणी टिकले आणि रानभाज्यांचे ज्ञान जपले गेले. त्याचा बायांच्या डोक्यावरच्या हंड्याशी आणि मुलांच्या ताटाशी किती जवळचा संबंध आहे, हे आमच्यासारख्या गावोगाव फिरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

उत्तर: गटप्रवर्तक, अक्राणी तालुका

सरपंचताई, काकांनी पाण्याचे सांगितले ते सगळे खरे आहे. मी आशाताईंच्या कामावर देखरेख करते, म्हणून डोंगरातली बाजू सांगते, कारण तुमच्या वस्तीतली कुटुंबेही ऊसतोडीला जात असतील आणि मग आमचे व तुमचे दुखणे सारखेच असेल.

आमच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर माणसे गुजरातकडे निघतात आणि होळीला परततात. मधल्या काळात तान्ह्या मुलाची लस चुकते, गरोदर बाईची तपासणी होत नाही, अंगणवाडीच्या नोंदवहीत 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि कागदावर तो प्रश्न मिटतो. आमच्याकडे पूर्वी लसीकरणाची सत्रे ठरलेल्या वेळापत्रकानुसारच होत आणि बाळे जिथे नसायची त्या दिवशी नर्सबाई तिथे जाऊन यायच्या. आमच्या केंद्रातील एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाड्याच्या कारभाऱ्यांना समोर बसवून माणसे कधी जातात आणि कधी येतात, एवढे दोनच प्रश्न विचारले. त्यानंतर दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस आणि भोंगऱ्या बाजारापासून (होळीआधीच्या आदिवासी बाजारापासून) होळीपर्यंतचे दिवस, हे आमच्या कामाचे मुख्य दिवस ठरले. भोंगऱ्याला सगळा डोंगर खाली उतरतो, म्हणून तिथेच मुलांच्या दंडाचा घेर मोजायचा, राहिलेल्या लसी द्यायच्या आणि गरोदर बायांची नोंद करायची. यासाठी वेगळा निधी लागला नाही. लोकांचे पंचांग समजून घेणारा अधिकारी आणि त्याला मोकळेपणाने उत्तर देणारे कारभारी एकत्र बसले, तेवढ्याने काम झाले.

दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल अतितीव्र कुपोषित समजावे आणि एक दिवसही न दवडता पुढे पाठवावे. ही पट्टी वापरायला डॉक्टर लागत नाही. पण त्या मुलाच्या आईला पोषण पुनर्वसन केंद्रात राहायचे म्हटले की घरी उरलेल्या दोन मुलांना कोण सांभाळणार आणि तिची मजुरी कोण देणार, हा प्रश्न उभा राहतो. तो सोडवणे आशाताईच्या आवाक्याबाहेरचे आहे. तिथे सरपंच, पोलीस पाटील किंवा भावकीतले वडीलधारे यांनी शब्द टाकावा लागतो. अमृत आहार योजनेत गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतिणीला पहिल्या सहा महिन्यांत एक वेळचे चौरस जेवण अंगणवाडीत मिळते. योजना चांगली आहे. मात्र जेवण खरोखर शिजते का, अंडे ताटात पडते का आणि नाल्यापलीकडची बाई पावसाळ्यात तिथपर्यंत पोचू शकते का, हे आठवड्यातून एकदा तिथे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. तुम्ही बाई आहात, त्यामुळे पंगतीत बसून जेवलात तरी कोणाला वावगे वाटणार नाही.

बडव्यांबद्दलही, म्हणजे पाड्यावर विधी करून उपचार करणाऱ्या भगतांबद्दलही लिहिते, कारण नवे लोक त्यांच्याशी आधी भांडण मांडतात. आमच्या एका पाड्यावरच्या बडव्याबाबांना मी एकच विनंती केली की तुम्ही तुमचा विधी करा, पण मूल धापा टाकत असेल किंवा अंगावर पीत नसेल, तर त्याच दिवशी माझ्याकडे पाठवा. आज ते स्वतः माणूस धाडतात. पाड्यावर त्यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा जास्त चालतो, आणि तो आमच्या बाजूने चालू लागल्यापासून झोळीतून उशिरा आणलेली मुले कमी झाली.

सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या बाबतीत मात्र एक काळजी जरूर घ्या. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी तपासणी झालीच पाहिजे आणि तुमच्या पुढाकाराने ती होऊ शकते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचे २०४७ पर्यंतचे उद्दिष्टही तपासणीवरच अवलंबून आहे. पण कोण वाहक आहे, कोण रुग्ण आहे, ही नावे ग्रामसभेत कधीही वाचली जाऊ नयेत. मी एका मुलीचे लग्न त्यामुळे मोडताना पाहिले आहे आणि त्यानंतर त्या फळीतल्या (वस्तीतल्या) घरांनी दोन वर्षे रक्त तपासू दिले नाही.

उत्तर: वैद्यकीय अधिकारी, जळगाव जिल्हा

डॉक्टरांशी कसे बोलावे, हा तुमच्या प्रश्नाचा भाग माझ्यासारख्याला उद्देशून आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आमच्याकडे येणारे बहुतेक पदाधिकारी हजेरीपट मागतात. तो मागण्याचा त्यांना हक्क आहे आणि गैरहजर राहणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण एखादे केंद्र दोन डॉक्टरांचे असून एकच पद भरलेले असते, तो एक डॉक्टर रात्रीची बाळंतपणे करून सकाळची ओपीडी पाहतो, दुपारी तालुक्याच्या बैठकीला जातो, आणि नेमक्या त्या वेळी आलेल्या सरपंचांना खुर्ची रिकामी दिसते. मापदंडानुसार सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी किंवा डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. प्रत्यक्षात एका केंद्रावर किती भार आहे, हे तुम्ही आधी विचारून घेतलेत, तर पुढचे बोलणे वेगळ्या सुरात होते. केंद्राचा कारभार पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीची बैठक नियमित व्हावी यासाठी आग्रह धरा आणि त्या बैठकीत रिक्त पदे, बंद पडलेली वीजजोडणी, रुग्णवाहिकेचे डिझेल असे विषय लेखी मांडा. मी दहा पत्रे पाठवून जे झाले नाही, ते तीन ग्रामपंचायतींच्या एकाच ठरावाने झालेले मी अनुभवले आहे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सार्वजनिक आरोग्यातील स्थानिक नेतृत्वाची खरी परीक्षा आकडा वाईट आल्यावर होते. तालुका किंवा जिल्ह्याच्या आढावा बैठकीत ज्या केंद्राचे बालमृत्यू जास्त दिसतात, त्या केंद्राच्या अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष झापले जाते. पुढच्या महिन्यात आकडा कमी होतो, पण मृत्यू तेवढेच राहतात. घरी दगावलेले बाळ 'मृत जन्म' म्हणून नोंदवले जाते किंवा नोंदवलेच जात नाही, आणि जिथे मदत सर्वांत जास्त हवी तेच गाव कागदावर सर्वांत निरोगी दिसू लागते. याउलट मी एका तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम केले, त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते की मृत्यू लपवलात तर कारवाई करीन आणि मृत्यू सांगितलात तर सोबत येईन. ते खरोखर येत. त्या घरी बसून त्रास कधी सुरू झाला, वाहन कधी मिळाले आणि वाटेत किती वेळ गेला, हे हळुवारपणे विचारत. पहिल्या वर्षी आमचे आकडे वाढले आणि त्यांना वरून बोलणी खावी लागली, पण त्याच नोंदींच्या आधारे दोन गावांच्या मधल्या फरशीपुलाचे काम मंजूर झाले. तो पूल पावसाळ्यात बुडत असे आणि बाळंतिणी अलीकडच्या काठावर अडकत.

तुमच्या गावातही हेच लागू आहे, ताई. आजीने वासाबद्दल दोन जणांना सांगितले आणि ते वर पोचले नाही, याचे कारण बहुधा असे असेल की वाईट बातमी सांगणाऱ्याला आपल्याकडे कटकट्या समजतात. आठ दिवसांत एकाच भागात जुलाबाचे दोन-तीन रुग्ण दिसले, तरी आम्हाला फोन करा. नंतर काहीच निघाले नाही तर मी तक्रार करणार नाही, उलट आभार मानीन.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्या खान्देशात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि केळीच्या बागांत दुपारीही मजुरी चालते. मजुरीची वेळ पहाटेची करणे आणि बांधावर सावली व पाणी ठेवणे, हे शेतमालकांना सरपंचच पटवू शकतात. माझे ते ऐकत नाहीत.

उत्तर: निवृत्त शिक्षक, धुळे शहर

चर्चा गावाची आहे, तरी शहराकडेही लक्ष वेधावेसे वाटते. आमच्या भागात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, त्यामुळे प्रत्येक घरात पिंप, टाकी आणि रांजण भरून ठेवलेले असतात. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. फवारणीची गाडी धूर सोडून जाते आणि लोकांना काम झाल्यासारखे वाटते. आरोग्य कर्मचारी कोरडा दिवस पाळा असे सांगतात ते बरोबरच आहे, आणि भांडे नुसते पालथे न करता आतून घासले पाहिजे, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. पण पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसेल, तर कोणती गृहिणी भरलेले पिंप ओतून देईल? आमच्या गल्लीत आम्ही पाणीपुरवठ्याचा दिवस निश्चित करून मागितला आणि त्याच्या आदल्या दिवशी भांडी घासण्याचा नेम ठेवला, तेव्हा कुठे तो नेम टिकला. आरोग्य विभाग आणि पाणीपुरवठा विभाग एकाच इमारतीत बसतात. त्यांना एका टेबलाशी आणायला मात्र आम्हा सात-आठ ज्येष्ठांना वर्षभर खेटे घालावे लागले.

सरपंचताईंना एक नम्र सूचना करतो. पाच वर्षांनी तुमचे पद जाईल, कदाचित आरक्षणही बदलेल. नंदुरबार हा २००७ मध्ये लोकाधारित देखरेख सुरू झालेल्या राज्यातील पहिल्या पाच जिल्ह्यांपैकी एक आहे. तिथे गावकरीच आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडत. त्या कामातले जाणते लोक तुमच्या जिल्ह्यात आजही आहेत. त्यांना शोधून तुमच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला शिकवायला बोलवा, म्हणजे तुमच्यानंतरही कोणीतरी ओटीची बाटली हातात घेईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर: सरपंच, शहादा तालुका

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी पाणी सुटण्याच्या वेळी जलसुरक्षक भाऊंना घेऊन नाल्यापलीकडे गेले. टाकीजवळ पाणी पिवळे झाले, पण वस्तीच्या टोकाला अजिबात रंग आला नाही. आजी तिथेच उभी होती आणि तिने दोन्ही बाटल्या हातात घेऊन पाहिल्या. भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे नाल्याच्या पुलाखालचा सांधा दोन वर्षांपासून गळतो आहे. त्यांनी तोंडी सांगितले होते, पण कोणी मनावर घेतले नाही. आज मी ते लेखी घेतले असून शुक्रवारी समितीची बैठक ठेवली आहे. समितीचा वर्षाचा १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी कशावर खर्च झाला, हेही त्याच बैठकीत पाहणार आहे. डॉक्टर साहेबांना फोन केला, तेव्हा हजेरीचे काही न विचारता त्यांच्या केंद्रात किती पदे रिक्त आहेत एवढेच विचारले, आणि ते अर्धा तास बोलले.

गटप्रवर्तक ताई, आमच्या वस्तीतील बारा-तेरा कुटुंबे सध्या तोडीवर आहेत आणि त्यांत दोन गरोदर बाया आहेत. त्यांच्यासाठी आत्ता, होळीच्या आधी, काही करता येईल का?

उत्तर: गटप्रवर्तक, अक्राणी तालुका

करता येईल, ताई. मुकादमाचा फोन नंबर घरच्यांकडून घ्या आणि टोळी कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, कोणत्या गावाच्या शिवारात उतरली आहे, ते विचारून घ्या. तुमच्या आशाताईकडे त्या दोघींच्या नोंदी असतील. त्यांची माता व बाल संरक्षण कार्डे सोबत गेली आहेत की घरी राहिली आहेत, तेही पाहा. घरी राहिली असतील तर दोन्ही बाजूंचा फोटो मुकादमाच्या फोनवर पाठवा. तिकडेही आशा आणि नर्सबाई असतात आणि कार्ड दाखवले की त्या तपासणी करतात. तुम्ही सरपंच म्हणून तिकडच्या सरपंचांना एक फोन केलात, तर काम लवकर होईल. बाळंतपणाची तारीख होळीच्या आधीची असेल, तर त्या बाईला आत्ताच परत बोलवा आणि तारखेच्या आधीच दवाखान्याजवळ राहण्याची सोय लावा. आमच्याकडे आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यासाठी माहेरघर आहे. तुमच्या डॉक्टर साहेबांना विचारून पाहा. मुकादम उचल दिल्याचे कारण सांगून अडवील. त्या वेळी तिच्या नवऱ्याशी न बोलता सासूशी बोला.